करडीचं तेल

“हात काढ! बोट जाईल चेनीत!” मी बाजेवरून ओरडलो.

यशोदानं वरसुद्धा पाहिलं नाही. “गाडी बंद हाय. चाक मीच फिरवून राहिले. गेलं तर माझं बोट जाईल, तुमाला काहून घाम फुटला?”

घाम फुटायला कारण होतं. संध्याकाळी माझा पुतण्या भारत माझी मोटारसायकल न्यायला येणार होता. लकव्यानं माझा उजवा हात-पाय असा धरला की काठीशिवाय मोरीपर्यंतही जाता येईना. गाडी गोठ्याच्या कडेला धूळ खात उभी होती. भारत म्हणाला, “काका, उभ्या उभ्या सडंल. मी वापरतो.” मी हो म्हणून बसलो. आणि शब्द गेला त्या घडीपासून मला अन्न गोड लागत नव्हतं. याच गाडीवर मी नाक्यावरच्या ढाब्यांना दूध घातलं, बोकडं बाजाराला नेली, लेकीला, दीपमालाला, कॉलेजात सोडलं. गाडी दारात होती तोवर मी आजारी माणूस होतो. ती गेली की नुसता बाजेवरचा म्हातारा होणार होतो.

हे मी यशोदाला बोललो नव्हतो. तिनंही काही विचारलं नव्हतं. आज दुपारी मात्र तिनं गाडी ढकलत ओसरीपुढं आणली, डबल स्टँडवर चढवली आणि पान्यानं चेनकव्हर खोललं. आतली चेन पाहून मी कपाळाला हात लावला. काकवीत बुडवून मातीत लोळवावी तशी दिसत होती.

“अगं, हे कोणाचं काम?”

“माझं. वाजायली व्हती, म्हणून तेल सोडलं.”

“कोणतं?”

“घरातलं. करडीचं.”

घ्या! आमच्या घरात सगळ्यावर ते एकच औषध. बिजागरी कुरकुरली, करडीचं तेल. शेळीच्या खुराला भेग पडली, करडीचं तेल. माझ्या लुळ्या हातालासुद्धा रोज तेच चोळून राहिली होती. पण ते उघड्यावर राहिलं की वाळून डिंक होतो. कढईच्या काठाला पिवळा थर बसतो ना, नखानं निघत नाही, तोच. त्यात माळाची धूळ बसलेली. कड्या आखडून गेल्या होत्या. चाक फिरवलं की चेन वाकायची आणि वाकलेलीच राहायची.

“राहू दे आता,” मी म्हणालो. “भारत नेईल मिस्तरीकडं.”

“डिझेल कुठं हाय?”

“पाण्याच्या इंजनापाशी, बाटलीत. पण तुला जमायचं न्हाई ते.”

तिनं बाटली आणली. चिंधी भिजवून चेनीला गुंडाळली, मुरू दिली, मग दातांचा जुना ब्रश घेऊन बसली. मी मिस्तऱ्यांना हे काम करताना पुष्कळ पाहिलंय. फर्रफर्र घासतात, पुसतात, झालं. यशोदा मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात जन्मलेली. तिनं चेन अशी हातात धरली जशी गोचीड काढायला शेळीचा कान धरतात. एक कडी घ्यायची, चिमटीत दाबायची, बाजूचा मळ टाचणीनं उकरायचा, डिझेलचा थेंब सोडायचा, कडी मागंपुढं हलवायची. मोकळी झाली की पुढची. घाई नाही, कुरकुर नाही. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी बाईची मान वर नाही. काळ्या चिखलातून एकेक कडी चकचकीत होऊन बाहेर येत होती आणि मी, जन्मभर त्या गाडीवर बसलेला माणूस, आ वासून बघत होतो. सांगायला लाज नाही, मी इतका चकित तर नांदेडच्या दवाखान्यातली यंत्रं पाहूनही झालो नव्हतो.

मग एकदम डोक्यात आलं.

“काय गं, उभ्या गाडीची चेन वाजती कशी?”

तिचा ब्रश थांबला.

“मी नांदेडच्या दवाखान्यात पडलो तवापासून गाडी उभीच हाय ना?”

“उभी नव्हती,” ती म्हणाली. “तुमच्यापाशी भावजी व्हते. इकडं दीपमालानं मला माळावर शिकवली. दोनदा पडले. मग जमली. तेल घातल्यावर मातर चेन आखडली, तवा मुकाट्यानं ठिवून देली.”

“मला काहून सांगितलं न्हाई?”

“तुमी गाडी देताना मला विचारलं व्हतं?”

मी काठीनं गोठ्याकडं दाखवलं.

“गिअर ऑईल हाय जुन्या डब्यात,” मी म्हणालो. “चेनीच्या आतल्या अंगानं सोड, थेंब थेंब. चाक उलटं फिरव. टायरला लागू देऊ नको, घसरशील.”

तिनं तसंच केलं, वरचं तेल पुसून काढलं आणि चाकाला हात मारला. चाक फिरत राहिलं. आवाज नाही. आम्ही दोघं नुसते ऐकत होतो.

दिवस कलताना भारत आला. यशोदानं म्हशीची धार काढून कॅन गाडीला अडकवला होता. भारतनं माझ्याकडं पाहिलं. “काका, नेऊ ना?”

शब्द माझा होता, मोडायचा तो मीच.

“न्हाई बाबा,” मी म्हणालो. “काकूची गाडी हाय ती. मी भलत्याचीच देऊन बसलो व्हतो.”

भारत चांगलं पोरगं. “काकू चालविती?” एवढंच म्हणाला आणि डोळे मोठे केले.

“काकाला उचल, मागं बसव,” ती काष्टा खोचत म्हणाली.

“मी कशाला?” मी घाबरलो.

“बसा गुमान.” तिनं जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या कमरेभोवती घेऊन आपल्या पोटावर गाठ मारली. किक मारली. गाडी सुरू झाली.

कनेरगाव नाक्यापर्यंत मी डोळे मिटले नाहीत. खड्डा आला की ती हळू व्हायची, ट्रक आला की कडेला घ्यायची. गाडी माझ्या हातात कधी एवढ्या मायेनं चालली नसेल.

ढाब्यासमोर गाडी थांबली तसा ढाबेवाला सोनाजी बाहेर आला. रिवाजाप्रमाणं माझ्याकडंच आला. “नामाजी, आता रोज दूध घालणार का?”

“मला काय विचारतू? मालकिणीला विचार.”

तो वळसा घालून पुढं गेला. यशोदानं हँडलवरचे हात काढले नाहीत. “सकाळी बी येईन. घेनार असशील तर सांग.”

“घेतो की,” सोनाजी म्हणाला. आजवर तिला अगंतुगं करणारा सोनाजी पुढं म्हणाला, “या तुमी, वैनी.”

मी पाठीला बांधलेला, त्यामुळं मला तिचं तोंड दिसत नव्हतं. सोनाजीचं दिसत होतं. मला तेवढं पुरे झालं.