जहाजावरचं जवारीचं पीठ

आमच्या वरवट बकाल गावातून जहाजावर गेलेला माणूस एकच, अन् तो नेमका माहा नवरा. कुलदीप त्यायचं नाव. तिकडं स्वयंपाकी आहेत. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावतात. तो कॉल माहा असतो, मधात कोणी तोंड घालायचं नाही, हे मी माह्या सासूले, सोजराबाईले, साफ सांगून ठेवलं होतं. आत्याबाई हाव म्हणतात अन् पदर सावरून माह्या आधी फोनपुढं बसतात.

त्या दिवशी आम्ही वावरात जवारीची कणसं खुडून राह्यलो होतो. बांधावर जेवायले बसलो अन् फोन वाजला. मी केसातला कचरा काढला, गोड तोंड केलं. पाहते तं काय, नवऱ्याचा पत्ता नाही, पडदाभर लेकरंच लेकरं!

यायनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, लेकरायच्या मागून सांगतलं. सुदान देशात लढाई पेटली आहे. तिथून पळालेली माणसं रबराच्या नावेत बसून समुद्रात निघाली, मधातच नावेचं इंजिन बंद पडलं, अन् यायच्या जहाजानं सगळ्यायले वर ओढून घेतलं. त्यातलीच ही लेकरं. कोणाची माय मागं राह्यली, कोणाचा बाप. बाकीची आता पाव खातात, दंगा करतात. पण एक धाकली, पाच-सहा वर्षांची, जहाजावर आल्यापासून तोंडातून शब्द नाही, अन् दोन घोट पाण्याबिगर पोटात काही नाही. तिची मोठी बहीण आमना विनवण्या करून थकली. भात झाला, खीर झाली, अंडं झालं. आता काय करू, असं यायनं इचारलं. मले नाही, आईले. माहा जीव असा जळला! पण त्या पोरीचं सुकलेलं तोंड दिसलं अन् मी फोन आत्याबाईकडं वळवला.

आत्याबाईनं काही सल्ला दिला नाही. भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यातलं पाणी घेतलं, अन् माह्या हातातल्या फोनवरून ओवाळलं. लेकरू संकटातून सुटून आलं की आमच्याकडं असंच करतात, तवा कुठं त्यानं उंबरा ओलांडायचा. मी म्हटलं, आत्याबाई, पाणी सांभाळा, फोन नवा आहे. त्यायनं पाणी माह्या पायावर ओतलं अन् तुकडा दूर भिरकावला. कावळा वाटच पाहत होता.

अन् फोनमधून किंचाळी आली. धाकली उभी राहून, बोट दाखवून, आमच्यावर चिडून चिडून बोलत होती. आमना तिच्याकडं पाहतच राह्यली. मंग हसत-रडत, मोडक्या इंग्रजीत तिनं यायले सांगतलं, अन् यायनं आम्हाले.

"ती म्हणते, या आजीनं भाकर फेकून काऊन दिली?"

"तुह्यासाठीच ओवाळली बाई ती," आत्याबाई म्हणाल्या.

लेकरू काही ऐकेना. तवा आत्याबाईनं एक भलंमोठं कणीस उचलून फोनपुढं नाचवलं. तिकडं एकच गलका! जवारी त्यायच्या देशात घरोघरी खातात म्हणे. कणसाले हात लावायले लेकरं फोनवर तुटून पडली. मले नुसती नाकं दिसत होती.

मंग आत्याबाईनं हळूच इचारलं, पिठाचं काय केलं? जायच्या दिवशी त्यायनं यायच्या बॅगेत जवारीचं पीठ भरलं होतं. यायनं काढलं, त्यायनं भरलं, यायनं पुन्हा काढलं, अन् शेवटी ते बुटायच्या खाली लपून जहाजावर गेलं. केवढं भांडण झालं होतं त्यावर! यायनं मान खाली घातली. पीठ तसंच पडलं होतं.

आता सुरू झाली मजा. आत्याबाई बांधावरून शिकवून राह्यल्या, हे जहाजाच्या स्वयंपाकघरात थापून राह्यले. पण पीठ जुनं, त्याले चिकटाई कुठून राहणार? पहिली भाकर हातातच फाटली, दुसरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. बाजूच्या वावरातून कौशल्याबाई अन् सुभद्राबाई पळत आल्या, अन् तिघी मिळून हुकूम सोडायले लागल्या. माहा कॉल तं केव्हाच गेला बाप्पा, मी नुसती फोन टांगायची खुंटी झाले होते. हसून हसून माहा हात हालून राह्यला होता, तं सगळ्या मलेच बोलत.

शेवटी आमनानं यायले कोपरानं बाजूले सारलं. पीठ पाण्यात कालवलं, गंजात ओतून शेगडीवर ठेवलं, अन् घोटत राह्यली. आत्याबाई फोनमध्ये घुसून पाहत होत्या. एकदम त्यायनं मांडीवर थाप मारली.

"अवं, हा तं आपला घाटा!"

धाकलीनं ताटलीत बोटं घातली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मंग तिनं पुढचा घास बोटावर घेतला, फुंकर मारली, अन् थेट आत्याबाईच्या तोंडाशी, म्हणजे फोनले, लावला.

आत्याबाईनं साऱ्या बायांसमोर आ केला.

पडद्यावर सगळा घाटाच घाटा, काहीच दिसेना. माह्या डोळ्याले धार लागली होती अन् हसू काही थांबत नव्हतं. कॉल कटला. आत्याबाई मात्र डोळे मिटून चावत बसल्या होत्या. मी इचारलं, कसा झाला?

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरीनं भरवला ना."