नव्या भट्टीची चरबी

धाकट्या जावेच्या, आयगानिमच्या घरात गॅसची भट्टी आली, तेव्हा कुलपाश घर तापवायला अजून कोळसाच फोडत होती. तिच्या गल्लीत गॅसची नळी यायला अजून वर्ष होतं. तरी थोरली म्हणून रीत तिचीच होती: नव्या चुलीला मेंढीची चरबी लावायची. तिने पिवळ्या नळीच्या सांध्या-सांध्याला बोट फिरवलं. ओठांवर आशीर्वाद, पोटात निखारा.

मग गॅसवाल्या सेरिकबोलने नळ उघडून गळती तपासायला सांध्यांवर साबणाचा फेस फासला. "बुडबुडा नाही. लावा काडी."

चरबीखाली गळती लपली असेल, हे कुलपाशला उमगलं. बोलावं, तर जाऊ जन्मभर हसेल. जावेची पोरं भट्टीपाशीच खेळत होती.

"थांब रे. सांध्यांना मी चरबी माखलीय."

"नळी आहे मावशी, नान नव्हे," म्हणत त्याने सांधे पुसले, पुन्हा फेस लावला. वळणावर बुडबुडा फुगला. नळ बंद करून, खिडकी उघडून त्याने तो सांधा नव्याने बसवला, पुन्हा तपासला.

आयगानिम हसली नाही. तिने काडेपेटी पुढे केली. "तुम्हीच पेटवा, जाऊबाई."

निळी ज्योत उठली.

"बसा, चहा ठेवते."

"मला घरी कामं आहेत," म्हणत कुलपाश भट्टीला पाठ लावून बसली. ऊब इतकी गोड होती, की तिला पुन्हा राग आला.