नेत्रालयातली शांतता

दवाखाना म्हटला की गलका आलाच, पण नगरच्या त्या धर्मादाय नेत्रालयात तो जरा जास्तच असायचा. पाथर्डी-शेवगावकडून पहाटेची एसटी धरून आलेली म्हातारी माणसं, नागापूरच्या कारखान्यांतून डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन आलेले कामगार, प्रत्येकासोबत निम्मी भावकी, आणि या सगळ्यांच्या वरताण आदिनाथचा आवाज. आदिनाथ तपासणीच्या दारात उभा राहून नावं पुकारायचा. नुसत्या नावावर त्याचं भागत नसे. "छबूबाई, मिरीच्या! मागल्या खेपेला पपई आणली होती त्या!" असं तो ओरडला की सगळं बाकडं हसायचं, आणि मिरीची छबूबाई पदर सावरत अंदाजाने त्या आवाजाच्या रोखानं चालू लागायची.

मोनिका व्यवस्थापक म्हणून रुजू झाली तेव्हा या गलक्याने तिचं डोकं उठलं. मोनिका वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवायला हवं. कामाला वाघीण होती. स्वच्छतागृहं तिनेच धड केली, औषधांच्या खिडकीवरची वशिलेबाजी तिनेच मोडली. तिने विश्वस्तांच्या मागे लागून टोकनचं यंत्र आणवलं आणि प्रतीक्षागृहात मोठा पडदा लावला. आता चिठ्ठीवर नंबर मिळणार, तो पडद्यावर झळकणार आणि माणूस गपगुमान उठून आत जाणार. आदिनाथची रवानगी गाड्यांच्या तळावर झाली.

त्या यंत्राला आवाजही होता. एक बाई शुद्ध मराठीत नंबर आणि खोली सांगायची. पण दिवसभर तीच तीच बाई ऐकून आतले डॉक्टर वैतागले. मोनिकाने रिमोट घेतला, आवाज पार खाली नेला आणि रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीसकट आपल्या टेबलाच्या खणात टाकून दिला. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लागली. पुण्याहून पाहणीला आलेले पाहुणे तर म्हणाले, "हे हॉस्पिटल वाटतच नाही, एखादी बँक वाटते." मोनिकाला ते कौतुक फार दिवस पुरलं.

आता गंमत बघा. नेत्रालयात आलेल्या माणसाच्या डोळ्यात आधी बाहुली मोठी करायचं औषध घालतात. ते घातलं की चांगल्या डोळ्यांनाही तास-दोन तास समोरचं धूसर दिसतं. म्हणजे डोळ्यात औषध घालून बसवलेली, नाहीतर मुळातच दिसत नसलेली माणसं, आणि त्यांनी वाचायचं काय, तर समोरचा पडदा. "कितवा चाललाय हो?" असं एकाने शेजाऱ्याला हळूच विचारावं, तर शेजारीही डोळे चोळत बसलेला. हे रोज घडत होतं. तिथे नोकरी करणारे, शिकलेसवरलेले आम्ही सगळे रोज त्या पडद्यासमोरून जात होतो, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

रशीद आला तो सोमवारचा दिवस होता. रशीद केडगावचा शिंपी. काचबिंदूने, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस मरत जाते त्या आजाराने, त्याचा डावा डोळा आधीच गेला होता. उजवा डोळा थेंबांवर टिकून होता. त्या एका डोळ्यावर तो सुईत दोरा ओवायचा आणि मेहविशच्या, आपल्या लेकीच्या, केसांचा भांग पाडून द्यायचा. पहाटेपासून त्याचा तोच डोळा ठणकत होता, डोकं फुटायला आलं होतं, आणि समोरचं सगळं धूसर होऊन दिव्याभोवती रंगीत कडं दिसत होतं. म्हातारी आई, मुबारकबी, त्याला रिक्षात घालून घेऊन आली. ती कधी शाळेत गेलेली नव्हती आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला.

तेव्हा गावात डोळे येण्याची साथ होती. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "काय होतंय?" मुबारकबी म्हणाली, "डोळा लाल झालाय, लई दुखतोय." मुलीने तेवढंच लिहिलं, चिठ्ठी हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मायलेक बाकावर बसले. बराच वेळ गेला. समोरून मोनिका जात होती. मुबारकबीने तिला थांबवलं.

"बाई, आमचं नाव कवा घेतील?"

"आजी, आता नाव घेत नाहीत. चिठ्ठीवरचा नंबर तिकडे येतो. पडद्याकडे बघत बसा."

"व्हय का? बरं."

आणि मुबारकबी खरोखर पडद्याकडे बघत बसली. तिने रशीदचा चेहराही हनुवटीला धरून तिकडे वळवला. मोनिकाने जाता जाता मागे पाहिलं. सगळी माणसं एका दिशेला तोंड करून कशी शिस्तीत बसली होती! तिला समाधान वाटलं.

रशीदचा नंबर लागला. पडद्यावर झळकला, काही क्षण लुकलुकला आणि गेला. यंत्राने दुसऱ्यांदा संधी दिली. नंबर पुन्हा झळकला. मुबारकबीची नजर पडद्यावरच होती. तिला तिथे एक उजेडाचा चौकोन दिसत होता, त्यात काहीतरी हलत होतं. यंत्राने मग रशीदच्या नावापुढे 'गैरहजर' असं नोंदवलं आणि ते पुढे निघून गेलं.

दुपारी रशीदला उलटी झाली. सफाईच्या मावशींनी फरशी पुसली आणि त्याला वारा लागावा म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. माया होती त्यात, पण आता पडदाही समोर राहिला नाही. रशीद आईला म्हणत होता, "अम्मा, आत जाऊन विचार ना." मुबारकबी म्हणाली, "इचारलंय बाबा. त्या बाई म्हनल्या, बोलावत्याल. आपुन मधी मधी केलं तर रागावतील." पाटीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण इथे मोठ्याने बोलायचं नसतं हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. गरिबाला शांतता लवकर कळते.

संध्याकाळी शेवटचा रुग्ण तपासून डॉक्टर विजयमाला घरी निघाल्या. नेत्रालयातल्या त्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर. कट्ट्यावर एक म्हातारी पदराने मुलाला वारा घालत बसलेली त्यांना दिसली. त्यांनी रशीदचा चेहरा वर केला, पापणी मिटवून डोळ्यावर हलकेच बोट दाबलं आणि त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. डोळा दगडासारखा कडक लागत होता.

"कधीपासून बसलात?"

"सकाळधरनं," मुबारकबी म्हणाली. "नाव काय घेतलं न्हाई अजून."

मग एकच धावपळ उडाली. सलाइन, थेंब, लेझर, जे जे हाती होतं ते सगळं झालं. डोळ्यातला दाब उतरला. पण ती नस आधीच कशीबशी जगत होती, आणि दिवसभराच्या दाबाने ती मरून गेली होती. पट्टी निघाली तेव्हा रशीदला खिडकीच्या बाजूला उजेड आहे एवढं कळत होतं. त्यापलीकडे काही नाही. आपल्या म्हणीतला आंधळा एक डोळा मागतो आणि देव त्याला दोन देतो. रशीदने दोन मागितलेच नव्हते. होता तो एक सांभाळायला तो आला होता.

डॉक्टर विजयमालांनी मोनिकाला बोलावून घेतलं. मोनिका यंत्राच्या नोंदी बघूनच आली होती.

"मॅडम, आपल्याकडून चूक नाही झालेली. सिस्टीमने त्यांना बोलावलं होतं. दोनदा."

"कसं बोलावलं?"

"पडद्यावर."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मोनिका, तो डोळे दाखवायला आला होता गं."

अरे देवा! इतके महिने हे वाक्य त्या प्रतीक्षागृहात लख्ख उजेडात पडलेलं होतं, आणि ते उचलायला एका माणसाचा डोळा जावा लागला.

"पण त्यांनी कुणाला तरी विचारायचं ना," ती कशीबशी म्हणाली. "कुणीही मदत केली असती."

"विचारलं होतं. तुलाच विचारलं होतं म्हणे त्या आजीने."

मोनिकाला ती हनुवटी धरून वळवलेली मान आठवली.

"आणि मदतीचं म्हणशील तर," डॉक्टर म्हणाल्या, "हीच आपली खोड आहे. आपण दार आपल्या मापाचं करतो, मग ज्याला त्यातून येता येत नाही त्याला हात द्यायला धावतो आणि वर स्वतःला दयाळू म्हणवून घेतो. लिफ्टची बटणं बोटाला न लागणारी गुळगुळीत काच, बँकेचं यंत्र मुकं, मोबाईलवरचं ॲप असं की पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या फोनलाही ते वाचता येऊ नये. त्या माणसाला कुणाचा हात नको होता. त्याला फक्त आपला नंबर ऐकायचा होता. तेवढं मिळतं तर तो आपल्या पायांनी आत आला असता."

"सकाळीच तपासलं असतं तर वाचला असता डोळा?"

"वाचलाच असता असं मी छातीठोक सांगणार नाही. वाचायला वाव होता. तो आपण घालवला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपण म्हणतेय मी. त्या आवाजाची तक्रार करणाऱ्यांत मीही होते. मलाही ती शांतता फार आवडली होती."

मोनिका आपल्या खोलीत आली आणि तिने खण उघडला. रिमोट पिशवीत तसाच होता. आवाज वाढवायला एक बटण दाबायचं होतं. त्यासाठी पुण्याहून तंत्रज्ञ बोलवायचा नव्हता, की विश्वस्तांची मंजुरी घ्यायची नव्हती. ते बटण दाबून ती टेबलावर डोकं टेकून रडली. त्या रडण्याचा रशीदला काही उपयोग नव्हता, हे तिलाही कळत होतं.

त्यानंतर नेत्रालयात बदल झाले. आदिनाथ गाड्यांच्या तळावरून परत दारात आला. यंत्र नंबर बोलायचं आणि आदिनाथ नाव घ्यायचा. लिफ्टच्या बटणांवर हाताला लागणाऱ्या उंच खुणा आल्या. खिडकीवर आधी डोळा किती दुखतोय आणि कधीपासून, हे विचारायची रीत पडली. नवं काही बसवायचं असेल तर आधी दृष्टिहीन माणसांना बोलावून त्यांच्याकडून वापरून बघायचं, असं मोनिकाने विश्वस्तांकडून ठरवून घेतलं. चांगलंच झालं. फक्त ज्याच्यामुळे झालं, त्याचं शिवणयंत्र केडगावात चादर पांघरून बसलं होतं.

रशीद पुढच्या तपासणीला आला तेव्हा मोनिका त्याच्या शेजारी येऊन बसली. रशीदच आधी बोलला.

"मॅडम, एक विचारू? मी त्या दिवशी उठून दाराशी गेलो नाही, ते माझं चुकलं का? मागं आदिनाथभाऊ नाव घ्यायचे, मग उठायचं, असं होतं. मला वाटलं, घेतील."

"नाही रशीदभाऊ. तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं. मी आवाज बंद करून ठेवला होता."

रशीदने मान हलवली. तो रागावला असता तर मोनिकाला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मेहविशचा भांग वाकडा पडतो आता. तिला सांगितलं, शाळेत जाताना अम्माकडून पाडून घे. तर अम्मालाही दिसत नाही." आणि तो किंचित हसला.

तेवढ्यात वरून यंत्रातल्या बाईने नंबर आणि खोली सांगितली. पाठोपाठ दारातून आदिनाथने नाव घेतलं. "रशीदभाई, केडगावचे..." एवढंच तो म्हणाला. रशीद उठला, आवाजाचा अंदाज घेतला आणि कुणाचा हात न धरता सरळ चालत दारापर्यंत गेला.

मुबारकबी मान वर करून आवाज आला त्या दिशेला बघत होती.

"हे बोलतंय व्हय?" तिने मोनिकाला विचारलं. "त्या दिशीबी याला बोलता येत हुतं का?"

मोनिकाला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीला काय कळणार होतं?

"येत होतं, आजी," ती म्हणाली.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत मुबारकबी दाराकडे तोंड करून बसून राहिली.

मंडळी, तुमच्या कचेरीत, दुकानात, बँकेत अशी यंत्रं असतील. एकदा डोळे मिटून त्यांच्यासमोर उभे राहा आणि आपलं काम होतं का ते बघा. नाही झालं, तर ज्याला दिसत नाही त्याला दोष देऊ नका, आणि त्याची कीवही करू नका. यंत्र दुरुस्त करा. दिसत नसणं हे कुणाच्या हातात नसतं. यंत्राला गप्प बसवणं मात्र आपल्या हातात असतं, आणि बोलतं करणंही. ते आजच करा. रशीदच्या वेळी आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो होतो.