चर्चमध्ये न सांगितलेलं

माझा धाकटा भाऊ ओथा चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला, की बायकांच्या हातातले पंखे थांबायचे. अमेरिकेतल्या आमच्या सॅगिनॉ गावच्या चर्चची रीतच आहे. आपण कसले पापी होतो आणि देवाने कसं तारलं, हे चारचौघांत सांगायचं. पाप जितकं काळं, तितका देव मोठा. त्यामुळे ओथाचं पाप दरवर्षी वाढत गेलं. लुटलेल्या एका दुकानाची तीन दुकानं झाली, रिकाम्या हातात पिस्तूल आलं. मी बहीण, मला सगळं ठाऊक होतं. पण लोक डोळे पुसत होते, मग कशाला बोला!

यंदा त्याला तो जुना गुन्हा कोर्टाकडून कागदावरून पुसून हवा होता. त्याची नात जनाया तिची आई वारल्यापासून सरकारने ठेवलेल्या परक्यांच्या घरी होती, आणि शिक्षा झालेल्या माणसाच्या ताब्यात पोर द्यायला कुणी तयार नव्हतं. माणूस सुधारला का, हे कोर्ट विचारणार होतं. ते सांगायला चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणून सगळ्यांच्याच आई, अशा व्हर्लीनआई आल्या, ठेवणीतली पांढरी टोपी घालून.

"बाईसाहेब, हा पोरगा काय होता म्हणून सांगू!" त्या जजबाईंना म्हणाल्या. "तीन दुकानं लुटली, माणसांच्या कपाळाला पिस्तूल लावलं! आणि आता बघा, कोकरू झालंय कोकरू!"

मागून आमच्या लोकांनी "आमेन!" म्हटलं. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं.

जजबाईंनी चष्मा काढला. "इथे कागदात एकच दुकान आहे. बाकीची दोन कुठली?"

आईंचं वय झालंय, विसरतात, एवढं म्हटलं असतं तरी ओथा सुटला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हण.

"आई खोटं बोलत नाहीत," ओथा म्हणाला. "मीच त्यांना खोटं सांगितलं. देवाच्या घरात, इतकी वर्षं. दुकान एकच होतं. पिस्तूल नव्हतंच."

"मेल्या," व्हर्लीनआई पुटपुटल्या, "मी रडले रे तुझ्यासाठी!"

"आणि जे खरं होतं ते कधीच सांगितलं नाही. दुकानाचे मालक काझिमीर, म्हातारे होते. मी ढकललं, त्यांचं कमरेचं हाड मोडलं. ते बायकोला हाका मारत होते आणि मी त्यांना ओलांडून गेलो. पिस्तुलाची गोष्ट सांगायला सोपी होती, बाईसाहेब."

या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही.

जजबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी गुन्हा पुसण्याच्या हुकमावर सही केली. "यापुढे कुणी विचारलं, कधी शिक्षा झाली होती का, तर कायद्याने तुम्ही 'नाही' म्हणू शकता."

"आणि नातीने विचारलं तर?"

"त्याबद्दल कायदा काही सांगत नाही," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात जनाया घरी आली. मी मासे तळत होते. तिने हात धुतले आणि सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही तुरुंगात होतात म्हणे?"

"आधी जेव गं," मी घाईघाईने म्हटलं.

ओथाने मला हातानेच थांबवलं, तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"काझिमीर नावाचे एक म्हातारे होते," तो म्हणाला.