शेवटच्या प्रकरणातला मुलगा

मी एका उझबेक कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं आणि त्यातला सरदोर माझ्या मिरजेच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मूळ पुस्तकातली ती पानं कोरी झाली होती. म्हणजे मी ज्याचं भाषांतर करते ते तिथून उठून इकडे येतं. सरदोरला आता फक्त इंग्रजी येत होतं.

प्रकाशकांना नमुना म्हणून शेवट आधी हवा होता, आणि मीही मेलीनं नंदीबैलासारखी मान डोलावली. शेवट असा: गाव सोडून गेलेला सरदोर खरबुजांच्या हंगामात परततो, पण आई नवव्या प्रकरणातच वारलेली असते.

दुपारी चौथ्या प्रकरणातली त्याची आई आली. रोबिया. तिचं भाषांतर मी केलंच नव्हतं. ती आपल्या पायांनी आली, खांद्यावर कुदळ घेऊन. तिच्यामागून पाटाचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं.

"पोरी, माझा मुलगा पुस्तकात कुठंच सापडत नाही," ती उझबेकमध्ये म्हणाली. "इथं आहे का? लवकर सांग. आज पाण्याची पाळी माझी आहे, शेतावर दारं धरायला कुणी नाही. पाळी चुकली तर वेल जळतील."

मी बाजूला झाले. सरदोरचे केस पिकलेले होते, तरी तिनं त्याला ओळखलं.

"अगं बाई, केवढा वाळलास!"

तिनं ओढणीतून नान काढला. एका कडेला घास तोडलेला. त्यांच्याकडे गाव सोडताना मुलगा नानचा एक घास खातो, आणि तो परत येऊन उरलेला संपवेपर्यंत आई तो भिंतीला टांगून ठेवते.

"खा," ती म्हणाली.

सरदोर नानकडे बघत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, "हा मी खाल्लाय, आई. तुझ्या कबरीपाशी बसून."

"काय म्हणतोय?" रोबियानं मला विचारलं.

आजवर कुणाचा एक शब्द मी इकडचा तिकडे केला नव्हता. चुलीत गेलं ते.

"भूक नाही म्हणतोय."

"लागेल की."

पाणी आता ओट्याच्या कप्प्यांत शिरत होतं. "मावशी, तुमची पाळी संपेल. जा ना शेतावर," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"जळू देत वेल. त्याला भूक लागेपर्यंत मी बसते."

तिनं खिळ्यावरचं माझं कॅलेंडर काढलं, तिथं नान टांगला आणि पाण्यातच मांडी घालून सरदोरसमोर बसली.