खुर्चीवर कोण होतं?

शाळेला सुट्टी लागली की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. आता या पोरांचं करायचं काय? बाहेर ऊन रणरणत असतं, आईबापांना कामं असतात आणि पोरं घर डोक्यावर घेतात. अशा वेळी जवळपास सार्वजनिक तरणतलाव असला तर आपण सगळेच त्याला दुवा देतो. पोरं पाण्यात खूश, आपण घरी निवांत. पाण्यावर नजर ठेवायला कोण आहे, हे विचारायचं मात्र आपल्या डोक्यातही येत नाही. ते काम कुणीतरी करत असेलच, असं आपण धरून चालतो.

मास्तरांनीही तसंच धरलं होतं. हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचं घर. गिऱ्हाईक उंबरठ्यात उभं राहिलं की टेप न लावता त्याच्या खांद्याचं माप सांगायचे, आणि ते बरोबर आलं की दिवसभर त्याच खुशीत असायचे. त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, काज-बटणाचं काम बघायची. सात वर्षांची एकुलती एक लेक सारखी बटणांच्या डब्यात हात घालून बसायची, म्हणून तिचं नावच 'बटण' पडलं. शाळेतल्या नावाने हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. "ती कोण?" म्हणून उलट विचारायची.

घरात चौथी होती मास्तरांची थोरली बहीण, बटणची आत्या. तिने लग्न केलं नव्हतं. बालवाडीत शिकवायची आणि भावाकडेच राहायची. बटणला आईपेक्षा आत्याचाच लळा जास्त. वहिनी कधीकधी लटक्या रागाने म्हणायच्या, "मी नुसती जन्म द्यायला होते, बाकी सगळं वन्संचं."

त्या सुट्टीत आत्या रोज दुपारी बटणला तलावावर न्यायची. मास्तरांनी लेकीला पोहायचा निळा पोशाख स्वतः शिवून दिला होता आणि तिच्या हट्टापायी त्याला छातीवर एक मोठं, काही कामाचं नसलेलं पिवळं बटण लावलं होतं. असली शिलाई गिऱ्हाइकाने मागितली असती तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आणि मग ती दुपार आली. तलावावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्या नेहमीच्या बाकावर बसली होती. शेजारच्या बाईचं तान्हं बाळ उलटी करून बसलं, म्हणून आत्याने बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं अंग पुसलं, आईला झबलं बदलायला मदत केली. मान वर केली तेव्हा निळा पोशाख दिसेना. ती उठून काठाशी गेली. इतक्यात पाण्यातून एका मुलीने सांगितलं, "ही खाली बसलीय, उठतच नाहीये."

बुडणारं माणूस हात हलवतं, ओरडतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बटण ओरडली नव्हती. चारी बाजूंना पोरं हसत-खिदळत असताना ती त्यांच्या मधोमध गुपचूप पाण्याखाली गेली होती. जीवरक्षक धावत आला, तिला बाहेर काढलं, छाती दाबली, श्वास दिला. मग लाल जॅकेटमध्ये गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. तोवर फार उशीर झाला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मास्तरांनी बहिणीला एकच विचारलं, "तू कुठे बघत होतीस?"

आत्या म्हणाली, "अरे, खुर्चीवर माणूस होता. मी बघितला होता रे. तो बसलेला बघूनच मी बाळाला घेतलं."

पण चौकशीत निघालं भलतंच. जीवरक्षक त्या वेळी खुर्चीवर नव्हताच. तिकिटाच्या खिडकीवर गर्दी झाली होती आणि तो तिथे मदत करत होता. त्याने स्वतः तसं कबूल केलं. धावत आलेल्या सगळ्यांनीही हेच सांगितलं, की खुर्ची रिकामी होती. त्या तरुणाला कामावरून काढलं, आठवडाभर तलाव बंद राहिला, आणि विषय संपला.

मास्तरांच्या घरात मात्र तो तिथूनच सुरू झाला. बहीण खोटं बोलली, असं त्यांच्या मनाने घेतलं. चूक झाली असती तर एक वेळ त्यांनी गिळली असती. पण लेक गेली आणि ही स्वतःला वाचवायला नसलेला माणूस खुर्चीवर बसवते! ते बहिणीशी बोलायचे बंद झाले. ती वाढायला आली की ताटावरून उठायचे. मशीन चालवताना मध्येच थांबायचे, नुसते कापडाकडे बघत बसायचे.

आत्या दिवसेंदिवस आटत चालली. आधी ती ठामपणे सांगायची, "मी बघितला होता." मग म्हणू लागली, "बघितला होता असं वाटतं." शेवटी एके दिवशी वहिनींना म्हणाली, "मला भास झाला असेल का गं? तसं असेल तर पोरांमध्ये उभं राहायची माझी लायकी नाही." तिने बालवाडीत राजीनामा दिला आणि दुसरीकडे एक खोली बघितली. रविवारी जाणार म्हणाली.

त्या दिवशी वहिनी दुकानात आल्या आणि त्यांनी चालू मशीनच्या चाकावर हात ठेवला. लेक गेल्यापासून त्या फार कमी बोलत होत्या.

"अहो, वन्सं जातायत."

"जाऊ दे."

"तुम्हाला बरं वाटेल?"

मास्तरांनी नजर कापडाकडे वळवली.

"मला नाही वाटणार," वहिनी म्हणाल्या. "मीही आधी त्यांनाच बोल लावला, मनातल्या मनात. कुणावर तरी ढकललं की रात्री झोप लागते. पण मी या बाईबरोबर इतकी वर्षं एका चुलीवर काढली आहेत. दूध उतू गेलं तरी त्या सांगतात, माझ्याकडून गेलं. त्या आपल्या बटणच्या बाबतीत खोटं बोलतील?"

"मग सगळं गाव खोटं बोलतंय?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही तरी कुठे जाऊन बघितलंत? तलाव पुन्हा सुरू झालाय. एकदा त्या बाकावर बसा. त्या वेळेला, त्या गर्दीत. मग या आणि काय बोलायचं ते त्यांच्या तोंडावर बोला. मी मध्ये पडणार नाही."

मास्तर गेले. मनाविरुद्ध गेले, आणि खरं सांगायचं तर बहिणीला खोटं पाडायलाच गेले.

तलाव पूर्वीसारखाच भरला होता. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर आपटणारे पाय, पोरांचा कल्ला. मास्तर बाकावर बसले. समोर थोड्या अंतरावर जीवरक्षकाची उंच खुर्ची होती, पाण्याकडे तोंड केलेली. वर छत्री, छत्रीची दाट सावली, आणि त्या सावलीत पाठमोरा माणूस. लाल जॅकेट, पाठीवर पांढरी अक्षरं, डोक्यावर लाल टोपी.

आता बरा बसलाय, मास्तरांना वाटलं. त्या दिवशी कुठे तडमडला होता? मग त्यांची नजर पाण्याकडे गेली. बटणएवढ्याच पोरी एकमेकींवर पाणी उडवत होत्या. त्यांना ते बघवेना. त्यांनी मान खाली घातली आणि हातांत तोंड लपवलं. पोरांची काळजी त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. वर माणूस बसला होता ना, तो बघेल.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं. तिकिटाच्या खिडकीकडून बनियन घातलेला एक जण लगबगीने येत होता, गळ्यात शिट्टी. तो खुर्चीच्या शिडीवर चढला. पाठीच्या फळीवर अडकवलेली टोपी काढून त्याने डोक्यावर घातली. मग फळीवरचं जॅकेट ओढून अंगात चढवलं आणि बसला.

मास्तर ताडकन उभे राहिले. इतका वेळ तिथे कुणीच नव्हतं. लाकडी फळीला जॅकेट घातलं होतं. जन्मभर खांदे मोजलेल्या माणसाला त्या जॅकेटात खांदेच नाहीत, हे कळलं नव्हतं! आणि त्यांच्या बहिणीला ते कळायला हवं होतं, म्हणून त्यांनी तिला जगणं नकोसं केलं होतं.

ते तसेच तलावाच्या व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. व्यवस्थापकाने त्यांना ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत.

"ते जॅकेट खुर्चीवर का टांगता?"

व्यवस्थापक अवघडला. "जुनी पद्धत आहे आमची. दुपारी एकच जीवरक्षक असतो. खिडकीवर रांग वाढली की त्याला तिकडे बोलवावं लागतं. खुर्ची रिकामी दिसली की पोरं दंगा करतात, उलट्या उड्या मारतात. जॅकेट दिसलं की वचकून राहतात."

"पोरं वचकतात. आणि त्यांचे आईबाप?"

व्यवस्थापक टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"त्यांना वाटतं, कुणीतरी बघतंय," मास्तर म्हणाले. "माझ्या बहिणीला वाटलं. आत्ता मलाही वाटलं, ज्याची पोर इथे गेली त्याला. चौकशीत हे का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि तुमच्या मुलीला गुंडाळायला त्या पोराने तेच जॅकेट ओढून घेतलं, टोपीही खाली पडली. नंतर लोकांनी वर बघितलं तेव्हा खुर्ची उघडीच होती." व्यवस्थापकाचा आवाज खाली गेला. "साहेब, मी वरती कितीदा सांगितलं, माणसं वाढवा. देत नाहीत."

"माणूस नसेल तर पाणी बंद ठेवा."

"रांगेतले लोक ओरडतात हो."

"ओरडू द्या. ओरडतो तो जिवंत असतो. माझी पोर ओरडली नाही."

व्यवस्थापकाने टेबलावर कोपरं टेकवली आणि कपाळ धरलं. त्याच्याही घरी दोन मुलं होती. "पद्धत माझीच आहे," तो म्हणाला. "मीच सुरू केली. कामावरून काढलं ते त्या पोराला. त्याला खिडकीवर मीच बोलावलं होतं."

"मग हे चौकशीत जाऊन सांगा. मी तुमच्याबरोबर येतो."

मास्तर घरी आले तेव्हा आत्या मागच्या खोलीत पिशवीत कपडे भरत होती. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मास्तर सरळ बहिणीपुढे जाऊन जमिनीवर बसले.

"ताई, मी आज त्या बाकावर बसलो होतो. मलाही खुर्चीवर माणूस दिसला."

आत्याच्या हातातली साडी तशीच राहिली.

"पण तिथे कोणी नव्हतं. नुसतं जॅकेट होतं. त्या दिवशीही तेच होतं."

आत्याला रडू कोसळलं. लेक गेल्यापासून त्या घरात प्रत्येक जण एकेकटा रडला होता, आज पहिल्यांदा तिघं एकत्र रडले. थोड्या वेळाने आत्या म्हणाली, "तरी मी मान वळवायला नको होती रे."

"नको होती," मास्तर म्हणाले. "मीही वळवली. तू जाऊ नकोस."

बटण काही परत आली नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण गोष्टीत तरी तिला परत आणून आपली सुटका करून घ्यायची नाही.

व्यवस्थापकाने चौकशीत सगळं सांगितलं. त्या तरुणावरचा ठपका सौम्य झाला, पण तो पुन्हा पाण्याकडे फिरकला नाही. मास्तर, वहिनी आणि आत्या घरोघरी गेले, सह्या गोळा केल्या, वरच्या कचेरीत खेटे घातले. आता त्या तलावावर गर्दीच्या वेळी दोन जीवरक्षक असतात. त्यांना दुसऱ्या कुठल्याही कामाला लावत नाहीत. एकाला जरी उठावं लागलं आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, तर शिट्टी वाजते आणि सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं.

परवा अशीच शिट्टी वाजली. पोरं कुरकुरत काठावर आली. एक बाप वैतागून मोठ्याने म्हणाला, "काय हा जाच! दोन मिनिटांत असं काय होणार आहे?"

आत्या जवळच उभी होती. ती त्याच्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमची बटण गेली."

त्या माणसाने आपल्या मुलाला जवळ ओढून टॉवेलात गुंडाळलं.

वाचकहो, आपलंही पोर उद्या पाण्यात उतरणार आहे. तेव्हा खुर्चीकडे नीट बघा. जॅकेट बघू नका, टोपी बघू नका, तिथल्या माणसाचे डोळे पाण्यावर आहेत का ते बघा. नसतील तर पोरांना बाहेर काढा आणि लाज न बाळगता आवाज उठवा. आणि असले, तरी आपले डोळे काढून घेऊ नका. एका मुलावर दोघांची नजर असली तर काही बिघडत नाही. एकाचीही नसली तर काय होतं, ते मास्तरांच्या घरात जाऊन विचारा.