देव्हाऱ्यातलं गाईड

मी इंग्रजीचं गाईड. तरी माझं दुःख मराठीतच सांगतो, कारण ज्या घरात आयुष्य काढलं त्या घराची भाषा तीच.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. डाव्या पानावर इंग्रजी धडा, उजव्या पानावर त्याचा अर्थ, शेवटी व्याकरण आणि प्रश्नांची तयार उत्तरं. खोटं कशाला बोलू, मला त्या उत्तरांचा भारी गर्व होता. माझ्याशिवाय पोरं पास होतात कशी ते बघू, असं मला वाटे.

१९३१ साली निरवांगीच्या आबासाहेबांनी मला बारामतीत विकत घेतलं. कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि पेरू पिकवणारा माणूस, अक्षराची ओळख नाही. त्यांचा मुलगा कुंडलिक बारामतीच्या बोर्डिंगात राहून शिकत होता आणि इंग्रजीत गटांगळ्या खात होता. मास्तर जप्त करतील म्हणून तो मला घरीच ठेवी. शनिवारी गृहपाठ घेऊन येई, मला उशाला घेई आणि घोरू लागे.

मला खरं उघडलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं, सारजानं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली पोर. भावाच्या जुन्या पुस्तकातून तिनं इंग्रजी अक्षरं गिरवली होती. रानात दारं धरायला जाताना ती मला ओच्यात बांधून नेई. एका वाफ्यात पाणी भरेपर्यंत एक पान वाची. मग मला बांधावर ठेवून पाणी पुढच्या वाफ्याला वळवी. तिच्या चिखलाच्या बोटांचे डाग माझ्यावर अजून आहेत.

गृहपाठ ती पाटीवर सोडवी, भाऊ तो वहीत उतरवून घेई.

"दादा, मी पण बारामतीला येणार शिकाया."

"मी मॅट्रिक झालो की आबास्नी सांगतो. मग तू," असा त्याचा शब्द होता.

एका धड्यात एक नावाडी नदीत बुडतो. त्याची मोठी मुलगी का रडली नाही, असा प्रश्न होता. 'कारण ती शूर होती,' हे माझं छापील उत्तर. सारजानं मान हलवली.

"न्हाय दादा. धाकली भावंडं तिच्या तोंडाकडं बघत हुती. ती कशी रडंल?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी शरमलो.

कुंडलिकनं तेच लिहिलं. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं. बहिणीनं, असं म्हणायची त्याला गाईड जप्त होण्याच्या भीतीपेक्षाही जास्त लाज वाटली. "गाईडात होतं," तो म्हणाला. पुढं घरीही तो तेच सांगत राहिला.

तीन वर्षांनी तो मॅट्रिक झाला. आबांना आभाळ ठेंगणं झालं. दसऱ्याला त्यांनी मला पूजेत मांडलं, हळद-कुंकू वाहिलं. पूजेतली पुस्तकं दुसऱ्या दिवशी उचलून वाचायची असतात. आबांनी मात्र मला तांबड्या फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्यात बसवलं.

"ह्येनं माझं पोरगं पास केलं. आता ह्येला कुणी शिवायचं न्हाय."

"आबा, माझं तीन धडं ऱ्हायल्यात त्यातलं," सारजा म्हणाली.

"तुला काय करायचं हाय इंग्रजी? आन् देवाचं झालं आता ते."

सारजानं भावाकडं पाहिलं. 'गाईडानं नाही, सारजानं पास केलं,' एवढं एकच वाक्य त्यानं बोलायला हवं होतं. तो खाली बघत राहिला. माघात तिचं लग्न करून दिलं, पळसदेवला.

कुंडलिक आता कचेरीत कारकून आहे. दर दसऱ्याला येतो आणि माझ्यापुढं कपाळ टेकतो. मी फडक्याच्या आत गुदमरतो. मला कसर लागली आहे.

यंदाच्या दसऱ्याला सारजा माहेरी आली, चार वर्षांची लेक घेऊन. पोरीनं देव्हाऱ्यात हात घातला आणि माझी गाठ ओढली. किती वर्षांनी कुणीतरी मला उघडणार होतं!

"हात लावू नगं," सारजानं तिला मागं ओढलं. "देवाचं हाय ते."

कुंडलिक तिथंच उभा होता.

कुंडलिका, माझ्या पाया पडणं पुरे झालं. आबा अजून धडधाकट आहेत, त्यांच्यापुढं आता तरी तोंड उघड. सारजाचं राहिलं ते राहिलं. ही पोर अजून चारच वर्षांची आहे.